इंग्रजी ‘मे’ : अर्थ, उपयोग आणि मराठी पर्याय

१

परभाषेतील ग्रंथ वाचताना आपण कोश उघडतो तो बहुधा अपरिचित व लांबलचक शब्दांसाठी. जे शब्द शाळेच्या पहिल्या दोन वर्षांतच परिचयाचे होतात, त्यांच्यासाठी कोश पाहावा असे कोणाला वाटत नाही. वस्तुतः अर्थनिर्णयाच्या खऱ्या अडचणी या लहान शब्दांतच दडलेल्या असतात. पारिभाषिक शब्दाचा अर्थ एकदा कळला की तो सहसा बदलत नाही. लहान शब्द मात्र वाक्यागणिक निराळा भासतो. अशा शब्दांपैकी ‘मे’ हे इंग्रजी साहाय्यक क्रियापद प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट बाजूला सारणे इष्ट होय. वर्षाच्या पाचव्या महिन्याचे ‘मे’ हे नाव लॅटिनमधून आलेले असून त्याचा या क्रियापदाशी काहीही संबंध नाही. दोन भिन्न शब्दांचा उच्चार कालौघात योगायोगाने एक झाला, एवढाच याचा अर्थ. याला समोच्चारिता म्हणावे. एकाच शब्दाला अनेक अर्थ प्राप्त होणे ही अनेकार्थता त्याहून वेगळी आहे, आणि आपला विषय ती आहे.

हा विषय केवळ कोशकाराच्या जिज्ञासेचा नाही. भारतातील कायद्यांच्या इंग्रजी संहितांत ‘मे’ हा शब्द पानोपानी येतो. एखाद्या अधिकाऱ्याला अमुक करण्याची मोकळीक आहे की त्याने ते केलेच पाहिजे, हा प्रश्न या एका शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपतो. आणि तोच कायदा मराठीत आणावयाचा झाल्यास भाषांतरकाराला मराठीतील कोणते तरी एक क्रियारूप निवडावेच लागते. ते चुकीचे निवडले गेले तर कायदेमंडळाने न केलेला कायदा मराठीत निर्माण होतो. ‘मे’च्या अनेक अर्थांमागे एक समान गाभा आहे व तो ओळखला तर मराठी पर्यायाची निवड सुकर होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम या शब्दाचा पूर्वेतिहास पाहू. प्राचीन इंग्रजीत ‘मागान’ या क्रियापदाचा अर्थ ‘बळ असणे, समर्थ असणे’ असा होता. बळ या अर्थाचे ‘माइट’ हे इंग्रजी नाम त्याच धातूपासून आले आहे. आणि ‘मे’चे भूतकालवाचक रूप ‘माइट’ हेही त्याच कुळातले. जर्मन भाषेतील सत्तावाचक ‘माख्त’ व ‘मोगेन’ हे क्रियापद ही त्याचीच भावंडे होत. त्यांपैकी ‘मोगेन’ आज मुख्यतः ‘आवडणे’ या अर्थी वापरले जाते. एकाच मुळातून निघालेला शब्द शेजारच्या दोन भाषांत किती भिन्न वाटांनी जाऊ शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

‘मे’च्या जोडीला असणारे ‘कॅन’ हे क्रियापद मुळात बळाचे नव्हते, ज्ञानाचे होते. ‘जाणणे’ या अर्थाच्या इंग्रजी ‘नो’ या क्रियापदाशी आणि संस्कृत ‘ज्ञा’ धातूशी त्याचे नाते आहे. म्हणजे ज्याला एखादी गोष्ट कशी करावी हे ठाऊक आहे त्याच्यासाठी ‘कॅन’, आणि ज्याच्या अंगी ती करण्याचे बळ आहे त्याच्यासाठी ‘मे’, अशी मूळची वाटणी होती. मराठी वाचकाला ही वाटणी परकी वाटू नये. ‘मला पोहता येते’ या वाक्यात शिकून अवगत केलेले कौशल्य आहे. ‘मी ही गोणी उचलू शकतो’ या वाक्यात अंगचे बळ आहे. ‘येणे’ आणि ‘शकणे’ यांच्यातील ही सीमारेषा आज बरीच पुसट झाली असली, तरी पूर्णपणे नाहीशी झालेली नाही.

पुढे ‘कॅन’ने आपले क्षेत्र वाढविले व सामर्थ्याचा अर्थही आपल्याकडे घेतला. ‘मे’ त्या क्षेत्रातून हळूहळू मागे हटले आणि संभव व अनुज्ञा या दोन अर्थांत स्थिरावले. सामर्थ्याकडून संभवाकडे जाण्याची ही वाट मराठीनेही चोखाळली आहे. संस्कृत ‘शक्’ धातूपासून ‘शक्ती’ आली, त्याच धातूपासून ‘शकणे’ आले आणि ‘शक्य’ व ‘शक्यता’ हेही शब्द त्याचेच. ‘आज पाऊस पडू शकेल’ असे आपण म्हणतो तेव्हा पावसाच्या अंगच्या बळाचा विचार आपल्या मनात नसतो; बळाचा शब्द येथे संभवाचा शब्द झालेला असतो. इंग्रजी आणि मराठी यांनी एकमेकींचे पाहून हे केलेले नाही. ‘एखादी गोष्ट करण्याचे बळ आहे’ यातून ‘ती घडून येण्यास अडथळा नाही’ हा अर्थ निघणे स्वाभाविक असल्यामुळे दोन्ही भाषा स्वतंत्रपणे तेथे पोहोचल्या.

३

आजच्या इंग्रजीत ‘मे’चे जे प्रमुख उपयोग आढळतात ते मराठी पर्यायांसह पुढे मांडतो.

पहिला उपयोग अनुज्ञेचा. शाळेच्या वर्गाच्या दाराशी उभे राहून विद्यार्थी ‘मे आय कम इन’ असे विचारतो. याचे मराठी ‘मी आत येऊ का?’ असे आहे. या मराठी वाक्यात कोणतेही साहाय्यक क्रियापद नाही. केवळ ‘येऊ’ हे रूप आणि प्रश्नवाचक ‘का’ एवढ्यावर काम भागते. अलीकडे ‘मी आत येऊ शकतो का?’ असे वाक्य कानी पडते, ते इंग्रजीच्या छायेतले होय. मराठीत त्याचा सरळ अर्थ ‘आत येण्याचे सामर्थ्य माझ्यात आहे का?’ असा होतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर दाराआडच्या व्यक्तीने देण्याचे कारण नाही. अनुज्ञा देतानाही मराठीत ‘जा’, ‘गेलास तरी चालेल’, ‘जाण्यास हरकत नाही’, ‘जाण्याची मुभा आहे’ असे अनेक प्रकार आहेत, व बोलणाऱ्यांच्या परस्परसंबंधावर त्यांतील निवड अवलंबून असते.

दुसरा उपयोग संभवाचा किंवा तर्काचा. ‘ही मे बी ॲट होम’ याचे मराठी ‘तो घरी असेल’ असे होते. ‘ही मे हॅव गॉन’ याचे ‘तो गेला असेल’. येथे मराठीने भविष्यकाळाचे रूप तर्कासाठी योजिले आहे. गोष्ट भूतकाळातली वा वर्तमानकाळातली असली, तरी तिच्याविषयीचा निर्णय पुढे व्हावयाचा आहे, ही जाणीव त्या रूपाच्या मुळाशी दिसते.

तिसरा उपयोग मान्यतापूर्वक विरोधाचा. ‘ही मे बी रिच, बट’ अशी सुरुवात करून वक्ता प्रतिपक्षाचे एक म्हणणे क्षणभर मान्य करतो व लगेच आपला मुद्दा पुढे करतो. मराठीत ‘तो श्रीमंत असेलही, पण’ अशा रीतीने ‘ही’ हे अव्यय जोडून नेमका हाच परिणाम साधतो. त्याच्या श्रीमंतीविषयी वक्त्याला शंका असेलच असे नाही. आपल्या मुद्द्याला ती आड येत नाही, एवढेच त्याला सांगावयाचे असते.

चौथा उपयोग इच्छेचा किंवा आशीर्वादाचा. येथे ‘मे’ वाक्यारंभी, कर्त्याच्या आधी येते. मराठीत यासाठी ओकारान्त रूप आहे : ‘तुझे कल्याण होवो’, ‘तुला यश लाभो’. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस असलेल्या पसायदानातील अनेक क्रियापदे याच रूपाची आहेत. बोलीत ‘तुझं भलं होऊ दे’ असेही म्हणतात, आणि त्यातील ‘देणे’ हे क्रियापद अनुज्ञा व आशीर्वाद यांचे जवळचे नाते उघड करते.

पाचवा उपयोग हेतुवाक्यातला. ‘सो दॅट ही मे कम’ याचे मराठी ‘त्याला येता यावे म्हणून’ असे होईल. हा उपयोग आजच्या इंग्रजीत औपचारिक लेखनापुरता उरला आहे.

या यादीतून एक गोष्ट दिसून येते. इंग्रजीने ज्या कामासाठी एकच शब्द ठेवला आहे, ते काम मराठीने अनेक रूपांत वाटून दिले आहे. ‘ही मे गो’ हे तीन शब्दांचे वाक्य मराठीत आणताना ‘त्याला जाण्यास हरकत नाही’ आणि ‘तो जाईलही’ यांपैकी एक निवडणे भाग पडते. इंग्रजी लेखकाला जो निर्णय टाळता येतो, तो मराठी भाषांतरकाराला टाळता येत नाही.

४

नकारार्थी वाक्यांत या दोन अर्थांतील भेद अधिक स्पष्ट होतो. ‘ही मे नॉट कम’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. पहिला : ‘त्याने येता कामा नये’, म्हणजे येण्याची अनुज्ञा नाही. दुसरा : ‘तो येणारही नाही’, म्हणजे न येण्याचा संभव आहे. पहिल्या अर्थात नकार ‘मे’ला लागतो, अनुज्ञाच नाकारलेली असते. दुसऱ्या अर्थात नकार ‘येणे’ या क्रियेला लागतो. संभव कायम राहतो, पण तो न येण्याचा. व्याकरणाच्या परिभाषेत, नकाराची व्याप्ती दोन्हीकडे वेगळी आहे. इंग्रजीत शब्दांचा क्रम तोच राहून ही व्याप्ती बदलते. मराठीत तिच्याबरोबर क्रियापदाचे रूपही बदलते.

भूतकालवाचक ‘माइट’चेही असेच आहे. ‘मे’पेक्षा क्षीण संभव दाखविणे हे आज त्याचे मुख्य काम आहे, काळाचा संबंध बहुधा उरलेला नाही. परंतु ‘ही माइट हॅव टोल्ड मी’ या वाक्यात ‘त्याने मला सांगितले असेल’ हा तर्क आहे की ‘त्याने मला सांगायला हवे होते’ ही तक्रार आहे, हे केवळ स्वर आणि प्रसंग यांवरून ठरते.

५

आता प्रश्न असा की, हे सर्व अर्थ एकमेकांपासून अलग आहेत काय? कोशात ते क्रमांक देऊन अलग छापलेले असतात, आणि शिकणाऱ्याच्या सोयीसाठी ते योग्यच आहे. पण क्रमांक ही कोशकाराची व्यवस्था असते; भाषेत त्या भिंती असतीलच असे नाही.

वर सांगितलेल्या मुख्य अर्थांकडे पुन्हा पाहिले तर सर्वांत एक समान सूत्र आढळते : ‘आड काही नाही’. बळ असणे म्हणजे अंगची दुर्बलता आड नाही. संभव असणे म्हणजे आपल्याला ज्ञात असलेल्या गोष्टींत त्याला बाधक असे काही नाही. अनुज्ञा असणे म्हणजे ज्याला रोखण्याचा अधिकार आहे तो आड येत नाही. मान्यतापूर्वक विरोधात, प्रतिपक्षाचे म्हणणे माझ्या मुद्द्याच्या आड येत नाही. आशीर्वादात, देवाने अथवा दैवाने आड येऊ नये अशी प्रार्थना असते. अडथळा कोणत्या प्रकारचा हे बदलते. अडथळा नसणे कायम राहते. इंग्रजीतील अशा साहाय्यक क्रियापदांना प्रत्येकी एकच गाभ्याचा अर्थ असून उरलेले प्रसंगाच्या पार्श्वभूमीतून भरले जाते, ही मांडणी अँगेलिका क्रॅट्झर यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात केली, व आधुनिक अर्थविज्ञानात तिला मोठे स्थान मिळाले.

या गाभ्यातून एक महत्त्वाचा तार्किक परिणाम निघतो. जी गोष्ट करणे मला भाग आहे, ती करण्यास मला आडकाठी नसलीच पाहिजे. म्हणजे जेथे कर्तव्य आहे तेथे मुभा असतेच. फॉन रिख्त यांनी १९५१ साली ‘माइंड’ या नियतकालिकात कर्तव्य व अनुज्ञा यांचे जे तर्कशास्त्र मांडले, त्यात या दोहोंचा संबंध असाच आहे : न करण्याचे बंधन नसणे म्हणजे करण्याची मुभा असणे. ‘मे’ आणि ‘मस्ट’ हे एकमेकांचे विरोधी शब्द नव्हेत.

मग ‘तुम्ही जाऊ शकता’ असे कोणी म्हटले की ‘न जाण्यासही हरकत नाही’ असे आपण का समजतो? कारण जाणे भाग असते तर बोलणाराने अधिक बळकट शब्द वापरला असता, असे आपण गृहीत धरतो. ‘काही विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ हे ऐकून ‘सर्व झाले नाहीत’ असे आपण समजतो, त्याचे कारणही हेच. हा सूचित अर्थ आहे, शब्दाचा स्वतःचा नव्हे. आणि प्रसंगाने तो गळून पडू शकतो. ‘काही उत्तीर्ण झाले, किंबहुना सर्वच झाले’ असे म्हणण्यात विसंगती नाही. हा भेद ध्यानी ठेवला तर न्यायालयांतील एक जुना वाद सहज उलगडतो.

६

इंग्लंडमध्ये १६९३ साली बार्लो खटल्यात असा प्रश्न आला. गावच्या शिपायांचा खर्च भरून देण्यासाठी चर्चचे वॉर्डन व गरिबांचे पर्यवेक्षक यांना कर बसविता येईल, अशी कायद्यात तरतूद होती. त्यांनी तो बसविला नाही. कायद्यातील ‘मे’ केवळ अधिकार देतो, कर्तव्य लादत नाही, असा बचाव करण्यात आला. न्यायालयाने तो अमान्य केला. न्यायासाठी अथवा लोकहितासाठी एखादे कृत्य सांगितलेले असेल तेथे ‘मे’ म्हणजे ‘शॅल’च, असा त्या निर्णयाचा आशय होता, आणि पुढील काळात त्याचा आधार वारंवार घेतला गेला.

मात्र ‘मे’ म्हणजे ‘शॅल’ हे सूत्र शब्दशः घेतल्यास कोशच उलटा करावा लागेल. या गुंत्याची उकल १८८० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप या खटल्यात केली. एका पाद्र्याच्या उपासनाविधीविषयी तक्रार आली असता चौकशी नेमणे बिशपवर बंधनकारक आहे काय, असा तेथे प्रश्न होता. १८४० च्या कायद्यातील शब्द ‘मे’ हा नव्हता. चौकशी नेमणे बिशपला ‘विधिसंमत असेल’ अशा अर्थाची शब्दयोजना होती. तिच्यात इंग्रजी ‘शॅल’ असूनही ती अधिकारच देते. लॉर्ड केर्न्स यांचे विवेचन असे होते की, अशा शब्दांचा अर्थ नेहमी एकच, आणि तो अधिकार देण्याचा. तथापि ज्या गोष्टीसाठी अधिकार दिला तिचे स्वरूप, ज्या प्रयोजनाने दिला ते प्रयोजन, किंवा ज्यांच्या हितासाठी दिला त्यांची स्थिती यांतून तो वापरण्याचे कर्तव्य उत्पन्न होऊ शकते. त्या खटल्यात तसे कर्तव्य नाही व बिशपला विवेकाधिकार आहे, असा निर्णय झाला. अर्थविज्ञानाच्या भाषेत सांगावयाचे तर, शब्दाचा गाभा बदलत नाही, केवळ ‘न करण्याचीही मुभा’ हा सूचित अर्थ प्रसंगाने गळून पडतो.

भारतीय कायद्यातही हे दिसते. उत्तर प्रदेशातील एका राजपत्रित अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे १९६३ साली असा नियम आला की, अशा अधिकाऱ्याने स्वतः विनंती केल्यास राज्यपाल त्याचे प्रकरण न्यायाधिकरणाकडे ‘मे’ पाठवू. निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी हे मान्य केले की, ‘मे’चा सर्वसाधारण अर्थ ‘मस्ट’ असा नाही; परंतु ज्या नियमाचे प्रयोजनच अधिकाऱ्याला तशी मागणी करण्याचा हक्क देणे हे आहे, तेथे विनंती आल्यावर प्रकरण पाठविणे बंधनकारक ठरते. याच्या उलट, संविधानाच्या अनुच्छेद ३२० मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी ‘शॅल’ असूनही, ती तरतूद आदेशात्मक नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ठरविले होते.

अलीकडचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. न वटलेल्या धनादेशांसंबंधी परक्राम्य संलेख अधिनियमात २०१८ साली एकाच दुरुस्तीने दोन कलमे घालण्यात आली. कलम १४३-अ नुसार खटला चालू असताना न्यायालय आरोपीला धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्यास ‘मे’ सांगू. कलम १४८ नुसार दोषी ठरलेला आरोपी अपिलात गेल्यास अपील न्यायालय त्याला दंडाच्या अथवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरण्यास ‘मे’ सांगू. शब्द एक, दुरुस्ती एक. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कलम १४८ मधील ‘मे’ सर्वसाधारणतः ‘शॅल’सारखा वाचावा, रक्कम भरावयास न लावणे हा अपवाद असून त्यासाठी विशेष कारणे नोंदवावी, असे ठरविले, आणि २०२४ साली कलम १४३-अ मधील ‘मे’ तसा वाचता येणार नाही असा निर्णय दिला. कारण उघड आहे : अपिलाच्या वेळी आरोपी दोषी ठरलेला असतो, खटला चालू असताना त्याचा दोष सिद्ध व्हावयाचा असतो. अद्याप दोषी न ठरलेल्या माणसाला पैसे देण्यास लावणे ही गोष्ट आपोआप घडावी, असे मानता येत नाही.

जेथे कायद्याला हा भेद स्वतःच ठरवावयाचा असतो, तेथे तो दोन्ही शब्द शेजारी ठेवतो. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने ‘मे प्रिझ्यूम’ व ‘शॅल प्रिझ्यूम’ यांच्या स्वतंत्र व्याख्याच दिल्या. पहिल्यात न्यायालय एखादी गोष्ट गृहीत धरील किंवा तिचा पुरावा मागेल. दुसऱ्यात, ती खोटी ठरेपर्यंत गृहीत धरलीच पाहिजे. चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्याजवळ सापडतो, त्याच्याविषयीचे अनुमान पहिल्या वर्गातले आहे, आणि एका माणसाचे स्वातंत्र्य त्या ‘मे’वर अवलंबून असू शकते. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली. तरी या दोन्ही संज्ञा नव्या कायद्यातही कायम आहेत.

७

आता मराठी पर्यायाकडे वळू. मराठीत शिष्ट व औपचारिक लेखनाला सर्वांत जवळचे वाटणारे रूप म्हणजे विध्यर्थ : ‘करावे’, ‘जावे’, ‘पाठवावे’. ‘मे’चे भाषांतर करताना लेखणी सहज त्याकडे वळते, आणि नेमका तेथेच धोका आहे. हे रूप स्वतःच अनेकार्थी आहे. ‘विद्यार्थ्यांनी शांतता राखावी’ यात कर्तव्य आहे. ‘हवे तर त्याने जावे’ यात अनुज्ञा. ‘देवाने त्याचे भले करावे’ यात इच्छा. ‘हा ताम्रपट बाराव्या शतकातला असावा’ यात तर्क. इंग्रजी ‘मे’शी त्याचे साम्य फसवे आहे, कारण दोहोंची क्षेत्रे जागोजागी एकमेकांना स्पर्श करीत असली तरी गाभा वेगळा आहे. ‘मे’चा गाभा ‘आड काही नाही’ असा आहे. विध्यर्थाचा कल ‘असे होणे उचित आहे’ याकडे आहे. ‘हवे तर’ हे शब्द काढून टाकले की ‘त्याने जावे’ ही अनुज्ञा राहत नाही, जवळजवळ आज्ञा होते. ‘राज्यपालाने प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवावे’ असे भाषांतर केल्यास, १९६३ साली ज्या प्रश्नासाठी सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला, तो प्रश्न भाषांतरकाराने एका प्रत्ययाने परस्पर सोडविला असे होईल.

‘राज्यपाल प्रकरण पाठवू शकतील’ हा दुसरा मार्ग. हिंदीतील कायद्यांनी ‘सकेगा’ हे रूप ‘मे’साठी आणि ‘करेगा’ हे ‘शॅल’साठी स्थिर केले आहे. मराठीत मात्र ‘शकेल’ या रूपात बळ व संभव या दोन्हींची छटा राहते; ‘बहुधा पाठवतील’ असा भविष्यसूचक अर्थही त्यातून डोकावतो.

तिसरा मार्ग ‘राज्यपालास प्रकरण पाठविता येईल’ हा होय. मराठीतील विधिविषयक लेखनात ‘मे’साठी हीच रचना रूढ आहे, आणि अर्थदृष्ट्या ती सर्वांत निर्दोष दिसते. ‘येथे वाहन उभे करता येते’ या वाक्यात कौशल्याचा प्रश्न नाही, बळाचा नाही, औचित्याचाही नाही. कोणी आड येत नाही, इतकेच सांगितले आहे. हा ‘मे’चा गाभा तंतोतंत आहे. शिवाय येथे नकाराची व्याप्ती संदिग्ध राहत नाही : ‘करता येणार नाही’ म्हणजे मनाईच, आणि न करण्याची सवलत सांगावयाची असेल तर ‘न करण्याचीही मुभा राहील’ असे वेगळे म्हणावे लागते. ‘पाठविता येईल’ हे रूप अधिकार देते व तेथेच थांबते. त्या अधिकाराबरोबर कर्तव्य येते की नाही, हे मराठी वाचणाऱ्या न्यायाधीशालाही इंग्रजी वाचणाऱ्या न्यायाधीशाप्रमाणेच संदर्भावरून ठरविता येते.

ही सावधगिरी अनाठायी नाही. प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधि) अधिनियम, १९७३ अन्वये, राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला केंद्रीय कायद्याचा प्रादेशिक भाषेतील अनुवाद हा त्या भाषेतील प्राधिकृत पाठ मानला जातो. तो वाचकाच्या सोयीसाठी दिलेला गोषवारा नसतो. ज्या नागरिकाला इंग्रजी येत नाही त्याच्यापुढे कायदा येतो तो याच रूपाने, आणि आपण काय मागू शकतो व आपल्याला काय नाकारले जाऊ शकते, हे त्याला क्रियापदाच्या प्रत्ययावरूनच कळावयाचे असते.

८

कायद्याबाहेर, संशोधनपर लेखनातही हाच विवेक आवश्यक आहे. इंग्रजी प्रबंधांत ‘मे’ हा शब्द विधानाची मर्यादा दाखविण्यासाठी विपुल येतो. एखादा शिलालेख अमुक राजाच्या काळचा ‘मे बी’, असे इंग्रजीत लिहिलेले असता मराठीत ‘असावा’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. पण ‘असावा’ हा बळकट तर्क आहे. पुरावा त्या बाजूला झुकतो, असे त्यात अभिप्रेत असते. ‘मे बी’ एवढे सांगत नाही. विरुद्ध पुरावा नाही, इतकेच सांगते. त्याचे मराठी ‘असणे शक्य आहे’ किंवा ‘असू शकेल’ असे करणे प्रामाणिकपणाचे होईल. ‘असू शकेल’चे ‘असावा’ होते, पुढच्या लेखकाच्या हातून ‘असावा’चे ‘आहे’ होते, आणि दोन भाषांतरांत एक अनुमान सिद्धान्ताच्या पदाला पोहोचते. मधल्या कोणत्याही टप्प्यावर नवा पुरावा आलेला नसतो. फक्त क्रियापदे बदललेली असतात.

यास्तव भाषांतर करणाऱ्या अभ्यासकाने ‘मे’ आढळताच दोन प्रश्न स्वतःला विचारावे. येथे आड नसलेली गोष्ट कोणती : बळाचा अभाव, ज्ञात वस्तुस्थिती, की कोणाचा अधिकार? आणि मूळ लेखकाने जो निर्णय उघडा ठेवला आहे, तो मराठी रूप निवडताना मिटविला तर जात नाही ना? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून ‘असेल’, ‘होवो’, ‘येऊ का’, ‘करता येईल’ यांतील योग्य रूप सापडते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना भाषांतरकाराला स्वतःच्या अधिकाराची मर्यादा कळते.